गोव्यात प्लॉट किंवा प्रोजेक्ट ठरवण्याआधी पुराचा धोका कसा तपासायचा

गोव्यात जमीन बघायला आलेला माणूस टायटल बघतो, झोन बघतो, रस्ता किती मीटरचा ते बघतो, आणि पाण्याबद्दल विचारायचं म्हणजे नळाचं कनेक्शन मिळेल का आणि विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, एवढंच. जुलैतलं पाणी कोणी विचारत नाही. जागा बहुतेक वेळा एप्रिल-मेमध्ये दाखवली जाते, तेव्हा शेत कोरडं, व्हाळ म्हणजे ओढा कोरडा, सगळं सपाट आणि छान दिसतं. मी सिव्हिलच्या कामात आहे, लेआउट, ड्रेनेज, भराव हे रोजचं, त्यामुळे हे काम मी जसं करतो तसंच इथे लिहितोय. स्वतःचं घर बांधणारे, चार-सहा प्लॉट पाडणारे, नुकतेच कामाला लागलेले इंजिनिअर, आणि ग्रामसभेत एखाद्या प्रोजेक्टबद्दल प्रश्न विचारायचे असतील ते लोक, सगळ्यांना उपयोगी पडावं.

आधीच सांगतो, हे सगळं आर्किटेक्टने पहिली रेघ मारायच्या आधी करायचं, जमलं तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी. एकदा लेआउट झाला, किती फ्लॅट बसतात ते ठरलं की मग पाण्याला कुठेतरी एक गटार काढून द्यायचं एवढंच उरतं, आणि ते गटार कागदावर नेहमी बसतं, जागेवर बसत नाही.

तपासायचे प्रश्न तीनच आहेत. पाणी कुठून येतं. कुठे जातं. आणि पुढची नदी किंवा खाडी भरलेली असेल तेव्हा कुठे थांबतं. तिसरा प्रश्न गोव्यात सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच सगळ्यात जास्त वेळा सुटतो.

पहिलं, तुमच्या जागेला कुठल्या प्रकारचं पाणी लागतं ते ओळखा

सगळा गोवा एकसारखा बुडत नाही. घाटाच्या पायथ्याला, सत्तरी, डिचोली, धारबांदोडा, सांगे, काणकोण, इथे वरती घाटात पाऊस पडतो आणि काही तासांत नदी फुगते. २३ जुलै २०२१ ला म्हादई आणि खांडेपारच्या काठावर जे झालं ते आठवत असेल, शेकडो घरांचं नुकसान झालं आणि १९८२ नंतरचा सगळ्यात मोठा पूर असं सरकारनेच सांगितलं. आता हे नीट लक्षात घ्या, १९८२ ते २०२१ म्हणजे जवळजवळ चाळीस वर्षं. मधल्या काळात ज्याने जमीन घेतली, घर बांधलं, तो अगदी प्रामाणिकपणे सांगू शकतो की "आमच्याकडे कधी पाणी आलं नाही", आणि तरी ती जागा पुराचीच असते.

काणकोणला २ ऑक्टोबर २००९ ला पूर आला. ऑक्टोबर. पावसाळा संपला असं धरून लोक कामाला लागलेले असतात, म्हणून "सप्टेंबरनंतर धोका नाही" हे गृहीत धरून बांधकामाचं शेड्युल करू नका, साहित्य आणि कामगारांच्या शेड व्हाळाच्या काठावर ठेवू नका.

पेडणे आणि डिचोलीच्या काही गावांचा प्रश्न आणखी वेगळा. तिळारी धरण सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात, पण तिथून सोडलेलं पाणी शापोरा नदीने आपल्याकडे येतं. ऑगस्ट २०१९ मध्ये साळ, इब्रामपूर वगैरे भागात ते पाणी शिरलं. म्हणजे तुमच्या गावात पाऊस किती पडला यावर सगळं ठरत नाही, नदीच्या वरच्या बाजूला धरण आहे का, त्याला दरवाजे आहेत की साळावलीसारखं आपोआप सांडतं, आणि पाणी सोडताना खालच्या गावांना कळवतात कसं, हे विचारून घ्या.

पणजी, ताळगाव, मेर्शी, दिवाडी, चोडण, हळदोणे, साळ नदीच्या काठची सासष्टी, इथे मुख्य मुद्दा भरतीचा. मांडवी आणि झुवारीत भरतीचा परिणाम नदीच्या मुखापासून जवळपास ५० किलोमीटर आतपर्यंत जातो, गांजेपर्यंत. त्यामुळे "आम्ही समुद्रापासून लांब आहोत" याला फारसा अर्थ नाही. आणि शेवटचा प्रकार, डोंगरावरून उतरणारं पाणी. सड्यावर, म्हणजे पर्वरी, वेर्णा, कदंब पठार अशा जागी बांधलं की "उंचावर आहे, पूर कसला" असं वाटतं, ते त्या इमारतीपुरतं खरं असतं, पण पठाराच्या कडेला आणि खालच्या वाड्याला ते पाणी भोगावं लागतं.

बऱ्याच जागांना यातले दोन प्रकार एकत्र लागतात. पणजीत आल्तिनो टेकडीचं पाणी उतरतं आणि खाली सांतिनेज खाडीत भरती असते, मधे सापडतो तो १८ जून रस्ता.

कागद आणि नकाशे

एक-चौदाचा उतारा काढा, म्हणजे आपल्याकडचा सातबाराच. लोक त्यात फक्त नावं आणि कूळ बघतात. पण त्यात लागवडीच्या क्षेत्राचे रकाने असतात, जिरायत, बागायत, खाजन, केर, मोरड असे. मोरड म्हणजे वरची जमीन, केर मधली, आणि खाजन म्हणजे भरती-सुकतीच्या (सुकती म्हणजे ओहोटी) पातळीची, बांध घालून राखलेली. खाजनच्या रकान्यात आकडा असेल तर आज तिथे कितीही सुका भराव दिसू दे, ती जमीन समुद्राच्या भरतीपेक्षा खाली आहे असं धरूनच पुढे चला. उताऱ्यात शेताचं नावही असतं, तेही वाचा.

मग सर्व्हे प्लॅन. आजूबाजूचे सर्व्हे नंबरही घ्या, फक्त आपला नको. व्हाळ, नाला, तळी, बांध कुठे दाखवलेत ते बघा आणि नंतर जागेवर ते खरंच आहेत का ते तपासा, कारण नकाशात व्हाळ आहे आणि जागेवर कंपाउंड वॉल आहे असं पुष्कळदा सापडतं.

सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा नकाशा पाणलोट समजायला चांगला, कुठल्या डोंगराचं पाणी आपल्याकडे येतं ते त्यावर पेन्सिलने काढता येतं. पण त्यात उंचीच्या रेषा २० मीटरला एक असतात, त्यावरून प्लॉट बुडेल की नाही हे ठरवायचं नाही. गुगल अर्थवर दिसणारी उंचीही तशीच, काही मीटर इकडेतिकडे असते, आणि आपला प्रश्न अर्ध्या मीटरचा असतो. गुगल अर्थचा खरा उपयोग जुने फोटो बघायला, वर्ष मागे मागे नेत जा आणि शेत कधी भरलं, बांध कधी फुटला, तिवरं कुठे वाढली ते बघा. पावसाळ्यातले फोटो ढगांमुळे मिळत नाहीत, त्यासाठी सेंटिनेल-१ या उपग्रहाची रडार चित्रं फुकट मिळतात, रडार ढगातून बघतं आणि साचलेलं पाणी काळं दिसतं. थोडं शिकावं लागतं, पण २०१४ पासूनचं मिळतं आणि एखाद्या मोठ्या पावसानंतरचं चित्र नशिबाने सापडलं तर वादच मिटतो.

दोन्ही जिल्ह्यांचे आपत्ती व्यवस्थापन आराखडे आहेत, त्यात तालुक्याप्रमाणे पुराच्या जागांची नावं असतात, ते वाचा. जलस्रोत खात्याकडे नदीच्या पातळीच्या नोंदी असतात, मागा, नाही दिल्या तर आरटीआय टाका. पावसाचे आकडे हवामान खात्याचे घ्या, आणि आपल्या जागेच्या पाणलोटाला जवळचं केंद्र घ्या. गोव्याची वर्षाची सरासरी साधारण ३,००० मिलिमीटर धरतात पण वाळपई, सांगे बाजूला त्याच्यापेक्षा बराच जास्त पडतो, आणि नदी वाळपईच्या पावसाने भरते, पणजीच्या नाही. वर्षाच्या सरासरीचा तसा डिझाइनला उपयोग कमीच, एका दिवसात आणि एका तासात किती पडतो ते हवं. हवामान खातं २४ तासांत २०४.४ मिलिमीटरच्या वर गेलं की अतिमुसळधारहून वरची, सगळ्यात टोकाची श्रेणी लावतं, आणि आपल्याकडे असे दिवस येतात.

जागेवर चालणं आणि विचारणं

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो आणि रिपोर्टमध्ये याला दोन ओळी मिळतात.

पाऊस असताना जा. जोराचा पाऊस चालू असताना नाहीतर लगेच नंतर, आणि शक्य असेल तर अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, भरती मोठी असते तेव्हा. मेमध्येच जावं लागत असेल तर खुणा शोधा. भिंतीवर मातीची आडवी रेघ, कुंपणात अडकलेला पालापाचोळा जमिनीपासून किती वर आहे, रस्त्याच्या मोरीच्या तोंडाशी किती गाळ आहे, जमीन खोदली तर काळपट चिकण माती आणि शिंपले लागतात का, आसपास तिवर किंवा केवड्याची झुडपं आहेत का. गावातली जुनी घरं बघा, कुठे आहेत आणि विशेष म्हणजे कुठे नाहीत. आपल्याकडे जुनी वस्ती डोंगराच्या पायथ्याला, शेताच्या वर असते, देऊळ असो की चर्च, आणि खालची सपाट जागा मोकळी सोडलेली असते. ज्या वाड्यात जुन्या घरांची जोती छातीएवढी आहेत तिथे काहीतरी कारण होतं.

लोकांना विचारताना "इथे पूर येतो का" असं विचारू नका. विकणाऱ्याचा नातेवाईक शेजारीच असतो आणि उत्तर "ना, ना" असंच येतं. असं विचारा की २०२१ ला पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं, कुठल्या बाजूने आलं, हळूहळू चढलं की जोरात आलं, किती वेळ राहिलं, लाल होतं की खारं होतं, चवथीच्या आधी की नंतर. लाल पाणी म्हणजे डोंगर कापल्याचं, खारं म्हणजे बांध नाहीतर मानस (बांधातला दरवाजा) फुटल्याचं, आणि जोरात आलं तर व्हाळ फुगल्याचं, त्या एका उत्तरात कारण सापडतं. लाइनमन, बसवाला, पाव विकणारा पोदेर, शेतात गुरं चारणारा, खाडीत मासे पकडणारा, यांना खरं माहीत असतं कारण ते त्या पाण्यातून गेलेले असतात. आणि बायकांना नक्की विचारा, घरातलं सामान वर कोणी उचललं ते त्यांनाच आठवतं, मग पातळी नेमकी कळते. "हितलो हुंवार" (एवढा पूर) म्हणत कोणी भिंतीवर हात ठेवून दाखवला की तिथेच खडूने खूण करा, फोटो काढा, आणि सर्व्हेअरला ती खूण मोजायला सांगा. अशा तीन-चार खुणा जुळल्या की ती तुमची पुराची पातळी, कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा मी तिच्यावर जास्त भरवसा ठेवतो.

गावात कोमुनिदादचे (गावाच्या सामाईक जमिनीची जुनी संस्था) किंवा कुळांच्या संघाचे लोक असतील तर मानस कुठे आहे, कोण उघडतो-बंद करतो, दारं धड आहेत का ते विचारा. मानस म्हणजे बांधातला दरवाजा, भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने बंद होतो आणि सुकतीला आतलं पाणी बाहेर सोडतो. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन आहे असं मानतात आणि ते सगळं या दारांवर आणि मातीच्या बांधांवर चालतं. दार कुजलेलं असेल, बांधाला भगदाड असेल तर तुमच्या प्लॉटचा धोका तुमच्या प्लॉटवर नाही, तिथे एक किलोमीटर लांब त्या दारात आहे.

लेव्हल

आता सर्व्हेअर बोलवा. अर्ध्या मीटरच्या अंतराने उंचीच्या रेषा हव्यात, आणि सर्व्हे प्लॉटच्या हद्दीवर थांबवायचा नाही. आपलं पाणी जिथे जाणार तिथपर्यंत, म्हणजे व्हाळ, मोरी, मानस, खाडी, इथपर्यंत तळाच्या लेव्हल घ्या. थोडे पैसे जास्त जातात, जाऊ द्या.

इथे दोन घोटाळे नेहमी होतात. डीजीपीएसची, म्हणजे उपग्रहावरून मोजलेली, उंची समुद्रसपाटीपासूनची नसते, आपल्याकडे तर ती उणे आकड्यात येते, ती दुरुस्त करून बेंचमार्कला (उंची पक्की माहीत असलेल्या खुणेला) बांधून घ्यावी लागते. आणि भरतीच्या तक्त्यात दिलेली उंची वेगळ्या शून्यापासून मोजलेली असते, ते शून्य सरासरी समुद्रपातळीच्या एक मीटरपेक्षा जास्त खाली आहे. तक्त्यातला २.२ मीटर आणि सर्व्हेतला २.२ मीटर एकच समजलात तर सगळा हिशोबच चुकतो. सर्व्हेअरला दोन्हींचा संबंध लेखी द्यायला सांगा.

हिशोब, साधा, पण करायचाच

एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटरवर पडला की एक लिटर. हे धरलं की बाकी सगळं हाताने येतं.

समजा डोंगराचा १० हेक्टरचा भाग तुमच्या बाजूच्या शेतात उतरतो. बाहेर मोठी भरती आहे, मानस बंद आहे, आणि त्या पाच तासांत १०० मिलिमीटर पाऊस झाला. तसा दोन भरतींमधला वेळ साडेबारा तासांच्या आसपास, त्यातले बरेच तास दार बंद असतं, आणि नदीच फुगलेली असेल तर सुकतीलाही उघडत नाही. डोंगरावर झाडं आहेत, काही पाणी मुरलं, साठ टक्के खाली आलं. म्हणजे ६,००० घनमीटर. खालचं शेत २ हेक्टर असेल तर पाणी ३० सेंटिमीटर चढेल. भात उभा राहतो, घरात काही येत नाही, सहा तासांनी दार उघडलं की उतरतं. हे शतकानुशतकं असंच चालत आलंय.

आता त्यातलं अर्धं शेत भरून लेआउट केला. तेच पाणी, अर्धी जागा, ६० सेंटिमीटर. आणि वरती डोंगरावरही बंगले आणि काँक्रीटचे रस्ते झाले, पाणी साठऐवजी नव्वद टक्के उतरायला लागलं, तर ९० सेंटिमीटर. पाऊस तेवढाच आहे, भरती तेवढीच आहे. फक्त दोन परवानग्या दिल्या गेल्या, कदाचित दोन वेगवेगळ्या वर्षी, दोन वेगवेगळ्या फायलींवर, आणि प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे बघितली तर चूक दिसत नाही. म्हणून मी म्हणतो की आपला प्रोजेक्ट एकटा बघायचा नाही, त्या पाणलोटात काय काय मंजूर झालंय, झोनप्रमाणे पुढे काय काय होऊ शकतं, ते सगळं झालं असं धरून हिशोब करायचा.

गटारासाठी वेगळा हिशोब. एक हेक्टरवर तासाला १०० मिलिमीटरच्या जोराने पाऊस पडला तर झाडं-गवत असताना सेकंदाला साधारण ८० लिटर पाणी बाहेर पडतं, छप्पर आणि पेव्हर झाल्यावर २५० च्या जवळ. तिप्पट. मग पुढची जुनी मोरी तीच राहणार आणि त्यातून तिप्पट पाणी जाणार असं आपण गृहीत धरतो, तसं होत नाही. तिचं माप घ्या, तळाचा उतार घ्या, आणि निम्मी गाळाने भरलीय असं धरून मोजा.

"शंभर वर्षांचा पूर" हा शब्द ऐकून निर्धास्त होऊ नका, त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. घराचं कर्ज ३० वर्षांचं असतं, तेवढ्या काळात असा पूर एकदा तरी यायची शक्यता २६ टक्के होते. आणि २५ वर्षांच्या पुरासाठी डिझाइन केलं असेल तर ३० वर्षांत तो ओलांडला जायची शक्यता ७० टक्के. त्यात हवा तापतेय, दर एक अंश वाढीला मोठ्या पावसाचा जोर साधारण ७ टक्क्यांनी वाढतो असं आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची आंतरराष्ट्रीय समिती, सांगते, म्हणून जुन्या नोंदींवर थोडं वाढवूनच धरा. मी पावसाचा आकडा २० टक्के वाढवून एकदा पुन्हा हिशोब करतो, तेव्हा डिझाइन कुठे मोडतं ते दिसतं.

उंचीबरोबर वेगही बघा. जोराचं पाणी घोट्याच्या थोडं वर असलं तरी माणूस पडतो, आणि फूटभर पाण्यात छोटी गाडी तरंगायला लागते. घर बुडत नाही पण तिथे जायचा एकमेव रस्ता दोन फूट पाण्याखाली जातो, अशा जागाही धोक्याच्याच यादीत टाका. रात्री आजारी माणसाला बाहेर कसं काढणार हा प्रश्न लेआउटवर बोट ठेवून विचारा.

कायद्याचं थोडक्यात

नगरनियोजन कायद्याच्या १७अ कलमाप्रमाणे डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगी लागते. सनद, म्हणजे जमीन बिगरशेती करायची परवानगी, मिळालीय म्हणून भराव टाकता येतो असं नाही. सीआरझेडच्या (किनारी भागातल्या बांधकामाचे नियम) २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी वेगळा भाग आहे आणि त्यात खाजन जमिनीत विकासकामांना परवानगी नाही असं स्पष्ट लिहिलंय. तुमच्या सर्व्हे नंबरला सीआरझेडचा कुठला नकाशा लागू आहे ते जीसीझेडएमएकडून, म्हणजे गोव्याच्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडून, लेखी घ्या, एजंटच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये ती जागा इको-१ किंवा इको-२ (पर्यावरणासाठी राखलेले झोन) मध्ये होती का ते बघा, आणि नंतर झोन बदलून सेटलमेंट (वस्तीचा झोन) झाली असेल तर जास्त काळजीपूर्वक बघा, कारण झोन बदलला तरी जमिनीची लेव्हल बदललेली नसते. शिवाय झोन बदलाच्या कलमांवरून कोर्टात खटले झालेत, उद्या परवानगीच अडकली तर पैसेही अडकतात.

ग्रामसभेत किंवा पंचायतीत प्रोजेक्टचा प्लॅन बघायला मिळाला तर एकच गोष्ट आधी शोधा. पावसाच्या पाण्याचा बाण. तो हद्दीपर्यंत येतो आणि पुढे "सध्याच्या नाल्यात" असं लिहिलेलं असतं. तो नाला कुठे आहे, कोणाच्या जमिनीतून जातो, किती रुंद आहे, पुढे कुठल्या मानशीत जातो आणि त्या मानशीची जबाबदारी कोणाची, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. बहुतेक वेळा तिथे नाला नसतो, कोणाचं तरी शेत असतं.

मग ठरवायचं काय

खाजन असेल, पोय (खाजनातली पाणी साठायची जागा) असेल, व्हाळाचं पात्र असेल, किंवा पुराची खूण सध्याच्या जमिनीपेक्षा मीटरभर वर असेल तर सोडून द्या. मोठा भराव टाकून घर वाचवता येतं पण ते पाणी शेजारच्याच्या घरात जातं. १,००० चौरस मीटरच्या प्लॉटवर आधी अर्धा मीटर पाणी थांबत होतं, तो भरला म्हणजे पाच लाख लिटर पाणी दुसऱ्या कोणाकडे ढकललं, हे मला कधीच पटलेलं नाही, कितीही परवानग्या असल्या तरी.

जागेचा एक भाग सखल आणि बाकी ठीक असेल तर लेआउट पाण्याप्रमाणे काढा. सखल भागात मोकळी जागा, बाग, खेळायचं मैदान, वर इमारती. रस्ते पाण्याला आडवे घालू नका, घालावेच लागले तर मोऱ्या भरपूर आणि मोठ्या द्या. बाणावलीच्या लोकांनी वेस्टर्न बायपास भरावावर नको, खांबांवर घ्या असा आग्रह धरला तो याच कारणासाठी, सखल शेतातून भराव गेला की तो बांधच होतो. कंपाउंड वॉलचंही तेच. चिऱ्याची सलग भिंत शेताच्या कडेने घातली की पाणी अडतं, म्हणून खालचा भाग जाळीचा ठेवा.

वाढलेलं पाणी आपल्याच जागेत थोपवायचं. एक हेक्टरचा प्रोजेक्ट, आधी तीस टक्के पाणी बाहेर पडायचं आता ऐंशी पडतं, तासात १०० मिलिमीटर धरला तर ५०० घनमीटर जास्तीचं. दीड मीटर खोल तळं केलं तर साधारण ३३० चौरस मीटर जागा लागते. म्हणजे एक प्लॉट जातो. तो जायलाच हवा, आणि तो सुरुवातीलाच सोडला तर किमतीत बसवता येतो. शोषखड्ड्यांवर सगळा भार टाकू नका. चिऱ्याची जमीन मेमध्ये भराभर पाणी पिते, जुलैत ती भरलेली असते. जवळच्या विहिरीत ऑगस्टमध्ये पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते बघा, हात घालून पोचत असेल तर तिथे शोषखड्डा चालणार नाही.

जोतं पुराच्या खुणेपेक्षा किमान अर्धा मीटर वर, मी शक्यतो जास्तच धरतो. बेसमेंट पार्किंग सखल भागात नकोच, तिथे पाणी मिनिटांत भरतं आणि माणसं गाडी काढायला खाली धावतात. मीटर, पॅनेल, जनरेटर, लिफ्टचं मशीन वर. पिण्याच्या पाण्याच्या टाकीचं झाकण पुराच्या पातळीच्या वर, सेप्टिक टँक आणि विहीर यांच्यात पाणी मिसळणार नाही हे बघा, पूर ओसरल्यावरचं आजारपण तिथून येतं. आणि सगळी भिस्त पंपावर असेल तर वीज गेल्यावर काय होतं ते विचारा. साखळीत बाजारात पाणी येतं ते फक्त पाऊस जास्त म्हणून नाही, वाळवंटी नदी वर चढली की नाल्याचं पाणी आपोआप नदीत जाऊच शकत नाही, पंपाने उचलून टाकावं लागतं. तसं तुमच्या सोसायटीत होणार असेल तर दुसरा पंप, डिझेलचा जनरेटर आणि तो चालवणारा माणूस हे तिन्ही पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.

डोंगराच्या उतारावर काम असेल तर जून ते सप्टेंबर माती उघडी ठेवू नका. कापलेली लाल माती एका पावसात खालच्या गटारात जाते, आणि मग नवीन इमारतीचा रहिवासी यायच्याही आधी खालचा वाडा बुडतो. गाळ अडवायला तात्पुरते खड्डे करा, मेच्या शेवटी उताराला झाकण घाला.

आणि हे सगळं झाल्यावर फाइल नीट ठेवा. खुणांचे फोटो, त्यांच्या लेव्हल, सर्व्हेचा बेंचमार्क, हिशोबाचे कागद, मानस कोण सांभाळतो त्याचं नाव, सगळं सोसायटी झाली की तिच्या ताब्यात द्या. गेटजवळ एका खांबावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवून घ्या, आणि दर पावसाळ्यात पाणी कुठपर्यंत आलं, किती वाजता, भरती किती वाजता होती, ते वहीत लिहायला वॉचमनला सांगा. शेजारच्या सर्व्हे नंबरात पुढचा प्रोजेक्ट येईल तेव्हा पंचायतीत ती वहीच घेऊन जायची.